मिनिकॉयचे 1885 चे दीपगृह कसे चढावे

लक्षद्वीपच्या जहाज सहलीत मिनिकॉय बेटावरील दीपगृह हा कार्यक्रमपत्रिकेतील एका ओळीचा विषय असतो. समुद्रस्नान, जेवण आणि गावफेरी यांच्यामध्ये कुठेतरी अर्धा तास त्याच्या वाट्याला येतो, आणि त्या अर्ध्या तासात बहुतेक लोक धापा टाकत वर जातात, चार छायाचित्रे काढतात आणि खाली येतात. वास्तविक मिनिकॉयला एवढ्या लांब जाऊन केवळ एकच गोष्ट करता येणार असेल, तर ती दीपगृह चढण्याची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हे बेट असे का वसले आहे, त्याच्या भोवतीचे पाणी दोन रंगांचे का आहे आणि कोरड्या जमिनीवर एवढा उंच मनोरा उभारण्याची गरज कोणाला का पडली, हे सगळे वरच्या सज्जावरून एका दृष्टिक्षेपात समजते. मात्र त्यासाठी काय पाहायचे हे खाली असतानाच माहीत असले पाहिजे, आणि वर पोहोचेपर्यंत अंगात थोडा दम शिल्लक राहिला पाहिजे.

प्रथम तिथे पोहोचण्याविषयी. मिनिकॉय हे लक्षद्वीप समूहाचे अगदी दक्षिणेचे बेट असून कोचीपासून समुद्रमार्गे सुमारे 400 किलोमीटर अंतरावर आहे. महाराष्ट्रातून कोचीला विमानाने जाता येते. रेल्वेने जायचे असल्यास लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस किंवा कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेने जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस एर्नाकुलमला नेऊन सोडते. (दुसऱ्या गाडीच्या नावातच लक्षद्वीप आहे, तरी तिच्यातून उतरल्यावर निम्मा प्रवास बाकी असतो.) अगत्ती बेटावर विमानतळ आहे, पण अगत्ती आणि मिनिकॉय यांच्यामध्ये दोनशे किलोमीटरहून अधिक समुद्र पसरलेला असल्यामुळे केवळ अगत्तीचे विमान तिकीट काढून मिनिकॉय पाहता येईल, असा समज करून घेऊ नये. बहुसंख्य पर्यटक ‘समुद्रम्’ या नावाच्या पाच दिवसांच्या जहाज सहलीतून येतात. लक्षद्वीप प्रशासनाची ‘स्पोर्ट्स’ ही पर्यटन संस्था ती चालवते. या सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे दिवसा पाहायची आणि रात्री जहाजावर मुक्कामाला यायचे, अशी व्यवस्था असते. हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा. पावसाळ्यात हा बेत आखू नये.

लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या प्रत्येक व्यक्तीला प्रवेश परवाना लागतो. अधिकृत सहलीतून जाणाऱ्यांचा परवाना सहलीबरोबरच मिळतो, परंतु छायाचित्रे आणि ओळखपत्राच्या प्रती वेळेत द्याव्या लागतात. परदेशातून सुट्टीला आलेल्या मुलाबाळांना बरोबर न्यायचे असल्यास अधिक सावध राहावे: परदेशी पासपोर्ट असलेल्यांसाठीचे नियम वेगळे आणि कडक आहेत, आणि सगळी बेटे त्यांना खुली नसतात. कुटुंबातील निम्मी माणसे कोचीच्या धक्क्यावर राहण्याची वेळ येऊ नये, म्हणून याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी.

मनोऱ्याला एवढ्या पायऱ्या का?

मिनिकॉयचा मनोरा सुमारे 47 मीटर उंच आहे आणि आतल्या गोल जिन्याला दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. उद्वाहन (लिफ्ट) नाही. बारा-तेरा मजली इमारत जिन्याने चढण्याची तयारी ठेवली, तर अंदाज चुकणार नाही.

कोकणातील दीपगृहे पाहिलेल्या माणसाला एवढी उंची खटकते, कारण आपल्याकडची कित्येक दीपगृहे टेकडीच्या माथ्यावर किंवा किल्ल्याच्या उंचवट्यावर उभी आहेत. उंचीचे निम्मे काम तिथे खडकच करतो. प्रवाळाच्या बेटाला टेकडी नसते. मिनिकॉयची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर आहे, आणि दूरच्या जहाजाला तिचे जे पहिले दर्शन होते, ते माडांच्या शेंड्यांचे. रात्री तेही नाही. म्हणून दिवा दूरवर दिसण्यासाठी लागणारी सगळीच उंची इथे बांधकामातून मिळवावी लागली, आणि तुमच्या गुडघ्यांवर पडणारा भार हा त्या भूगोलाचाच परिणाम आहे.

अंधारात न दिसणारे हे सपाट बेट एका रहदारीच्या मार्गावर पडून आहे, हीच खरी अडचण होती. मिनिकॉयच्या उत्तरेला नऊ अंश खाडी आणि दक्षिणेला, मालदीवच्या बाजूला, आठ अंश खाडी आहे. अक्षांशांवरून नाव पडलेल्या या दोन जलमार्गांतून एडनकडून कोलंबोकडे आणि पुढे पूर्वेकडे जाणारी जहाजे जातात. 1862 मध्ये पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचे ‘कोलंबो’ नावाचे जहाज मिनिकॉयच्या प्रवाळखडकावर चढून फुटले. पुढे 1869 मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, युरोप आणि आशिया यांच्यातील वाफेच्या जहाजांची वर्दळ याच पट्ट्यात वाढली, आणि अखेर 1885 मध्ये ब्रिटिशांनी बांधलेल्या या दीपगृहाचा दिवा पेटला. बेट भारताचे असले तरी दीपगृहाचा ताबा ब्रिटिशांकडून भारताकडे यायला 1956 साल उजाडले. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे हा मनोरा परक्या व्यवस्थेखाली होता, ही गोष्ट पायऱ्या चढताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आधी दीपगृह, मग समुद्रस्नान

सहलीच्या दिवशी क्रम तुमच्या हाती थोडाच असतो, पण विचारायला हरकत नसते. जहाज बेटाजवळ आल्यावर समुद्राची स्थिती पाहून प्रवाशांना लहान होड्यांतून उतरवले जाते, आणि त्यानंतर सहलीतील सगळे पर्यटक एकदमच सगळीकडे पोहोचतात. अशा वेळी संयोजकांना नम्रपणे विचारून दीपगृहाला सकाळी जाणाऱ्या पहिल्या तुकडीत नाव घालावे. याला तीन कारणे आहेत. पहिले, दुपारपर्यंत मनोऱ्याच्या आतली हवा तापते आणि कोंदट होते. दुसरे, बेट कंकणद्वीपाच्या, म्हणजे लगूनभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या, पूर्वेकडील काठावर आहे आणि उथळ पाण्याचे लगून त्याच्या पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीशी असल्यामुळे लगूनचे रंग तळापर्यंत उघडे दिसतात, तर सायंकाळी तेच पाणी नुसते चकाकते. तिसरे कारण साधे आहे: समुद्रस्नान करून आलेली माणसे ओल्या पायांनी आणि वाळूने भरलेल्या चपलांनी जिना चढतात, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना घसरट पायऱ्या मिळतात.

दीपगृहाची भेटीची वेळ ठरलेली असते, आणि ती दीपगृह खात्याच्या व्यवस्थेवर व सहलीच्या दिवसावर अवलंबून असते. त्यामुळे स्वतंत्रपणे बेटावर राहणाऱ्यांनी आदल्या दिवशीच जाऊन विचारून घ्यावे. प्रवेश शुल्कासाठी सुट्टे पैसे जवळ ठेवावेत.

पेहरावाचीही एक बाजू आहे. मिनिकॉयचा समाज मुस्लिम असून वागण्यात मोकळा, पण पोशाखात संयत आहे. दीपगृहाकडे जाताना वस्तीतून आणि माणसांच्या घरांसमोरून जावे लागते, म्हणून पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच ठेवावेत. चढण्यासाठी पायाला घट्ट बसणारे, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घालावेत. साडीचा पदर खोचावा, ओढणी गाठ मारून बांधावी. अरुंद जिन्यावर स्वतःच्याच कपड्यावर पाय पडण्याचा धोका पायऱ्यांच्या संख्येपेक्षा मोठा असतो. मोठी पिशवी खाली ठेवावी, पाण्याची छोटी बाटली सोबत घ्यावी आणि दोन्ही हात मोकळे राहतील असे पाहावे.

जहाजातून उतरलेल्यांनी घ्यायची काळजी

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जहाजावर रात्र काढून बेटावर उतरलेल्या माणसाला जमीन हलल्यासारखी वाटते, कारण कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा अजून लाटांच्या हिशेबाने चालत असते. त्यातच गोल जिन्यावर एकाच दिशेने सतत वळत गेले, की चक्कर येण्याची शक्यता वाढते. शिवाय जहाज लागू नये म्हणून घेतलेल्या कित्येक गोळ्यांनी सुस्ती येते. त्यामुळे होडीतून उतरल्याबरोबर थेट मनोऱ्यात शिरू नये; अर्धा-पाऊण तास बेटावर चालावे, शहाळे प्यावे, पोटात काहीतरी हलके घालावे आणि मग चढायला सुरुवात करावी. गोळी घेऊन डोळे जड झाले असतील, तर त्या दिवशी खालूनच पाहणे शहाणपणाचे.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल, तर चढू नये; अर्ध्यावर त्रास झाल्यास त्या जिन्यावरून माणसाला खाली आणणे फार कठीण जाते, आणि बेटावरील वैद्यकीय सोयीला मर्यादा आहेत. लहान मुलाला कडेवर किंवा खांद्यावर घेऊन चढण्याचा मोह टाळावा. आई-वडिलांपैकी एकाने मुलाजवळ खाली थांबावे, दुसऱ्याने वर जाऊन यावे आणि मग पाळी बदलावी.

चढण्याची रीत

गड-किल्ले चढण्याची सवय असलेले मराठी लोक इथे बेफिकीर असतात, आणि पहिल्या पन्नास पायऱ्या ताडताड चढून तिथेच दमतात. डोंगरवाट चढउताराची असते, तिच्यावर वारा असतो आणि थांबायला जागा असते. दीपगृहाच्या जिन्यावर यांतले काहीच हाताशी नसते. म्हणून पहिल्या पायरीपासूनच संथ लय धरावी. बोलता येईल एवढाच वेग योग्य समजावा. वाक्य तुटू लागले, की भिंतीकडील खिडकीजवळ बाजूला होऊन मागच्यांना जाऊ द्यावे. पायऱ्या मोजण्याच्या नादी लागू नये, कारण शेजारच्याची मोजदाद वेगळी निघते आणि उरलेली चढण त्या वादात जाते.

गोल जिन्याची पायरी केंद्राकडे निमुळती आणि बाहेरच्या अंगाला रुंद असते. पाऊल नेहमी रुंद बाजूला पूर्ण टेकवावे. उतरणारी माणसे समोरून आली, तर दोघांपैकी जो ज्येष्ठ किंवा अस्थिर असेल त्याला रुंद बाजू द्यावी आणि दुसऱ्याने कठडा धरून स्थिर उभे राहावे. दोघांनीही एकाच वेळी चालत राहून एकमेकांना ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. मधल्या पोकळीतून खाली वाकून पाहण्याची हौस असेल, तर ती परतताना भागवावी, चढताना नव्हे. मोबाइल चेन असलेल्या खिशात ठेवावा. वरून पडलेला मोबाइल खालच्या माणसाच्या डोक्यावर पडतो, ही शक्यता लोक विसरतात.

जुन्या दीपगृहांत जिना शेवटपर्यंत जात नाही. वरच्या खोलीजवळ पोहोचल्यावर उभी, अरुंद लोखंडी शिडी आणि छोटे दार हाच बहुधा शेवटचा टप्पा असतो, आणि मिनिकॉयलाही मनाची तयारी तशीच ठेवावी. शिडीवर एका वेळी एकच माणूस असावा. चढताना तोंड शिडीकडे ठेवावे, आणि उतरतानाही तोंड शिडीकडेच असावे. पाठ करून उतरणे हे या सगळ्या भेटीतील सर्वांत धोक्याचे कृत्य आहे. उंचीचे भय वाटणाऱ्यांनी शिडीपाशी थांबून तिथल्या खिडकीतून पाहण्यात कमीपणा मानू नये.

दिव्याच्या खोलीत

दिव्याच्या खोलीत जाऊ दिले, तर तिथे काही मिनिटे द्यावीत, पण भिंगाला हात लावू नये. बोटांचा तेलकट डागही प्रकाश विखुरतो आणि तो साफ करण्याचे काम कर्मचाऱ्यांना करावे लागते. दीपगृहातील वैशिष्ट्यपूर्ण भिंगांचा शोध फ्रान्समधील ऑगस्तँ फ्रेनेल यांनी 1820 च्या दशकात लावला. एकच अखंड जाड भिंग केले असते, तर ते प्रचंड वजनाचे झाले असते. त्याऐवजी त्यांनी काचेच्या एकात एक बसणाऱ्या अनेक कड्या रचल्या आणि चोहीकडे फाकणारा प्रकाश वळवून क्षितिजाच्या दिशेने पट्ट्यात बांधला. वात किंवा दिवा तुलनेने लहान असूनही तो समुद्रावर दूरवर दिसतो, तो याच रचनेमुळे. दिवसा अशा खोलीतील काचांना पडदे लावण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिचे कारण विचार करण्यासारखे आहे: जे भिंग आतला प्रकाश बाहेर एकवटते, तेच बाहेरचे ऊन आत एकवटून आग लावू शकते. पडदे ओढलेले असतील, तर ते सरकवायला सांगू नये.

सज्जावर काय पाहावे

बाहेरच्या सज्जावर आल्यावर वारा अपेक्षेपेक्षा जोरात लागतो. टोपी आणि चष्मा आधीच काढून ठेवावा किंवा दोरीने बांधावा, एक हात कठड्यावर राहू द्यावा, आणि छायाचित्रासाठी कठड्यावर बसणे किंवा रेलून मागे वाकणे पूर्णपणे टाळावे.

मग पश्चिम आणि उत्तरेकडे तोंड करून आधी लगून पाहावे. फिकट हिरवट निळे पाणी एका ठरावीक रेषेवर संपते, त्या रेषेवर लाटा पांढऱ्या फुटताना दिसतात आणि तिच्यापलीकडे समुद्र एकदम गडद होतो. ती पांढरी रेषा म्हणजे पाण्याखालील प्रवाळभिंत. ‘कोलंबो’सारख्या जहाजांचा घात करणारी हीच ती जागा, आणि बेटावरच्या माणसांना शांत पाणी देणारीही हीच. खालच्या वाळूवर उभे राहून ही आकृती कधीच कळत नाही. वरून मात्र सगळे कंकण डोळ्यांसमोर उलगडते. त्यानंतर पूर्वेच्या बाजूला जावे. तिथे उथळ पाण्याचा पट्टा अरुंद आहे आणि खोल समुद्र बेटाच्या अगदी जवळ येतो. दोन्ही बाजू लागोपाठ पाहिल्याशिवाय खाली उतरू नये.

दीपगृह बेटाच्या दक्षिण भागात असल्यामुळे नैर्ऋत्येकडील विरिंगिली हा चिमुकला निर्मनुष्य द्वीपही शोधता येतो. पूर्वी मिनिकॉयच्या कुष्ठरुग्णांना तिकडे नेऊन ठेवत असत. बेटाकडे वळून पाहिले, तर माडांच्या दाटीखाली वस्ती जवळजवळ झाकलेली असते. मिनिकॉयचे लोक मालदीवच्या धिवेहीशी नाते सांगणारी महल भाषा बोलतात, ट्यूना मासेमारी करतात, आणि त्यांच्यातील अनेक पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकरी करत आले आहेत. ज्या बेटाच्या भीतीने जगाने दीपगृह बांधले, त्याच बेटाने जगाला खलाशी पुरवावेत, हा योगायोग मला फार आवडतो.

वर कोणीतरी हमखास दक्षिणेकडे बोट दाखवून “ते बघा मालदीव” असे म्हणतो. तो ढग असतो. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे 25 किलोमीटरवर येते, आणि मालदीवचे सर्वांत उत्तरेचे बेट शंभर किलोमीटरहून अधिक दूर असून तेही तितकेच सपाट आहे.

छायाचित्रांबाबत सूचना पाळाव्यात. मार्च 2024 मध्ये मिनिकॉयवर ‘आयएनएस जटायू’ हा भारतीय नौदलाचा तळ कार्यान्वित झाला आहे, आणि दीपगृह ही स्वतःदेखील नौकानयनाची चालू व्यवस्था आहे. ड्रोन नेऊ नये. दूरच्या वास्तूंवर कॅमेरा रोखण्यापूर्वी कर्मचाऱ्याला विचारावे.

उतरणे आणि त्यानंतर

उतरताना दम लागत नाही, म्हणून लोक घाई करतात, आणि घसरण्याचे प्रसंग तेव्हाच येतात. मांडीचे स्नायू चढून थकलेले असतात, उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खालून होडीची वेळ झाल्याच्या हाका सुरू होतात. शिडी उतरल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबावे. गुडघे दुखत असल्यास अंग किंचित तिरके ठेवून, कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावे. परतीच्या होडीच्या वेळेपूर्वी निदान वीस मिनिटे मनोऱ्यातून बाहेर पडण्याचा हिशेब ठेवला, तर ही घाई होत नाही.

त्या रात्री जहाज निघाल्यावर वरच्या डेकवर जाऊन मोबाइलमधील स्टॉपवॉचने दोन झोतांमधील अंतर मोजावे, आणि एकदा मोजून न थांबता तीन-चार वेळा मोजून ताडून पाहावे. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा क्रम नकाशांवर आणि दीपसूचीत नोंदलेला असतो, आणि हा दिवा कोणता हे खलाशी त्या क्रमावरूनच ओळखतो. हवा स्वच्छ असल्यास उंच डेकवरून तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत हा प्रयोग करता येतो.

लक्षद्वीपचा खर्च आणि सुट्टी जमत नसेल, तर अलिबागजवळच्या थळ किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटाचा विचार करावा. शिवछत्रपतींच्या आरमाराने 1679 मध्ये इंग्रजांशी झुंजत राखलेल्या या जलदुर्गावर 1867 चे अष्टकोनी दीपगृह आहे. बेटाला 1998 मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, आणि 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बेटाला उंचवटा असल्यामुळे तिथला मनोरा मिनिकॉयच्या मानाने ठेंगणा आहे आणि ज्येष्ठांना सोसवणारा आहे. किल्ला पाहणे आणि दीपगृहाच्या आत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने आत प्रवेश मिळेल का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. होडी ठरवताना भरती-ओहोटीची वेळ आणि परतीचा दर दोन्ही आधीच पक्के करावेत, आणि समुद्र खवळलेला असल्यास थळचा नाखवा नको म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.